रिकाम्या नौकेची नोंद : मासळीच्या मोजणीपासून वेब ॲनालिटिक्सपर्यंत

(१)
#थ्रेड
ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेच्या जाळ्यात १५७ घोळ मासे सापडले. लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. घोळीच्या पोटातील हवेची पिशवी, जिला किनाऱ्यावर ‘बोत’ म्हणतात, पूर्व आशियाच्या बाजारात अतिशय महाग विकली जाते. एवढ्या किमतीचे कारण हे होते. बातमी आणि छायाचित्रे काही दिवसांत समाजमाध्यमांवरून देशभर फिरली.

(२)
याच किनाऱ्यावर, मुरब्याच्या उत्तरेला, तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात घिवली हे गाव आहे. समजा, घिवलीतील एखाद्या नौकामालकाने ती बातमी पाहून कर्ज काढले आणि घोळीसाठी नवी जाळी घेतली. त्याचा निर्णय कशावर उभा असेल? बातमी असंख्य लोकांनी पाहिली, हे खरे. पण त्या दिवसांत किती नौका समुद्रात गेल्या आणि त्यांतील किती घोळीविना परतल्या, हे बातमीत नव्हते. रिकाम्या नौकेचे छायाचित्र कोणी काढत नाही.

(३)
आज लहानमोठे व्यवसाय संकेतस्थळावरील भेटी, ‘लाइक’, ‘रीच’, ‘व्ह्यूज’ असे आकडे पाहून धोरण ठरवतात. कोणता माल वाढवावा, जाहिरात कोठे द्यावी, कोणते गिऱ्हाईक धरावे, हे त्यावरून ठरते. या विश्लेषणाला वेब आणि सोशल मीडिया ॲनालिटिक्स म्हणतात. त्याचा इतिहास सहसा अमेरिकेपासून सांगितला जातो. पण त्यातील कळीचा प्रश्न, म्हणजे मोजणीत कोण धरला गेला आणि कोण सुटला, त्याचे उत्तर भारतात शेतांमध्ये आणि मासळी उतरणाऱ्या किनाऱ्यांवर फार आधी शोधले गेले होते. त्यात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

(४)
आधी जुनी पद्धत पाहू. व्यापाऱ्याचे विश्लेषण म्हणजे त्याची खातेवही. कोणी काय नेले, उधारी किती राहिली, कोणत्या महिन्यात कोणता माल खपला, हे तीत असे आणि पुढील हंगामाची खरेदी त्यावरून ठरे. भाव विचारून निघून गेलेला, किंवा दुकानाची पायरीच न चढलेला माणूस मात्र वहीत नसे. तरीही गल्ल्यावर बसणाऱ्याला ही उणीव जाणवे. परत जाणारे गिऱ्हाईक त्याला डोळ्यांनी दिसत होते.

(५)
गिऱ्हाईक नजरेआड गेले तेव्हा अडचण वाढली. वर्तमानपत्रात जाहिरात देणाऱ्याला ती किती जणांनी वाचली हे दिसत नव्हते. खपाच्या दाव्यांची निःपक्षपाती तपासणी व्हावी म्हणून १९४८ मध्ये ‘ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. जाहिरातदाराला विश्वासार्ह आकडा मिळू लागला. पण एक प्रत किती जण वाचतात आणि ते कोण आहेत, हे प्रती मोजून कळत नाही. त्यासाठी माणसांना विचारावे लागते, आणि सर्वांना विचारणे शक्य नसते. मग कोणाला विचारायचे?

(६)
या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, हे १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत जगाने पाहिले. ‘लिटररी डायजेस्ट’ या लोकप्रिय साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. त्यांतील २० लाखांहून अधिक भरून परत आल्या. एवढ्या प्रचंड संख्येच्या बळावर साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले.

(७)
चूक दोन ठिकाणी होती. बरेच पत्ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते. महामंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार बाळगणारा वर्ग सुस्थितीतला होता. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांचे मत, न पाठवणाऱ्यांच्या मतापेक्षा वेगळे होते. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच थोड्या लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकतील हे आधीच सांगितले होते. डायजेस्टचा आकडा मोठा होता, पण त्यात कोण यावे हे ज्याने त्याने स्वतःच ठरवले होते. १९३८ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले.

(८)
त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे एक तरुण संख्याशास्त्राचे संशोधन करत होते. त्यांचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७). नमुना निवडण्याच्या आधुनिक शास्त्राची उभारणी तेव्हा इंग्लंडमध्ये होत होती, आणि ते शास्त्र त्यांनी जेथे घडत होते तेथेच आत्मसात केले. भारतात परतल्यावर १९४० च्या दशकात त्यांनी ते शेतीच्या प्रश्नाला लावले. देशात धान्य नेमके किती पिकते, हा तो प्रश्न होता.

(९)
तोवर पिकाचा अंदाज आणेवारीने होई. गावचा महसुली कर्मचारी शेताकडे पाहून यंदाचे पीक किती आणे आहे ते सांगे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. हा अंदाज नजरेचा होता आणि त्यावर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असल्याने त्यात प्रत्येकाचे हितसंबंध गुंतलेले असत. दुष्काळ आणि युद्धाच्या वर्षांत अशा आकड्यांवर धान्याची आयात आणि वाटप ठरवणे धोक्याचे होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर ही गरज अधिकच तीव्र झाली.

(१०)
सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीककापणीचे प्रयोग देशभर रूढ केले. आधी तालुक्यातील काही गावे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, निवडायची. मग गावातील काही शेते, आणि शेतातील एक आखीव तुकडा त्याच रीतीने. तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. निवड माणसाच्या हाती राहिली नाही, हे या पद्धतीचे मर्म होते. चांगले शेत दाखवण्याचा मोह आणि वाईट शेत दाखवण्याची गरज, दोन्हींना तेथे वाव उरला नाही. पीककापणी प्रयोग हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आजही परिचित आहे. पीकविम्याची भरपाई ठरवतानाही तो येतो.

(११)
याच कामात एक सूक्ष्म चूक उघड झाली. कापणीसाठी फार लहान तुकडा घेतला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसे. कारण साधे होते. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले रोप आत की बाहेर, याचा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेई. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी आणि चूकही मोठी. यावरून सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांत दीर्घ वादही झाला. कडेवरचे रोप कोठे धरायचे, हा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो पुढे एका अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा येणार आहे.

(१२)
शेत निदान जागेवर उभे असते. मासळी तशी नसते. हजारो किलोमीटरचा किनारा, शेकडो बंदरे, भरतीओहोटीप्रमाणे केव्हाही येणाऱ्या नौका, आणि किनाऱ्याला लागताच विकली जाणारी मासळी. सर्व मासळी तोलणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. १९५८ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिकेत भारतातील सागरी मासळीच्या अंदाजासाठी नमुना पद्धती मांडणारा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते पी. व्ही. सुखात्मे, व्ही. जी. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री.

(१३)
केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने (स्थापना १९४७) अशाच नमुना पद्धतीवर देशाच्या मासळीची आकडेवारी उभी केली. महिन्याचे भाग पाडून दिवस यदृच्छेने ठरतात, बंदरेही तशीच निवडली जातात. नोंद घेणारा एके दिवशी दुपारी १२ ते सायंकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ बंदरावर थांबतो. रात्री उतरलेल्या मासळीची चौकशी करून माहिती घेतो. नौका फार असतील तर काही निवडून त्यांच्यावरील मासळी जातवार लिहितो. अशा थोड्या नोंदींतून राज्याचा आणि देशाचा अंदाज निघतो, आणि त्यात किती चूक संभवते हेही सांगता येते.

(१४)
म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन गोष्टी सिद्ध झाल्या होत्या. एक, नीट निवडलेला छोटा नमुना हा आपोआप जमलेल्या मोठ्या गर्दीपेक्षा अधिक खरा असतो. दोन, काय मोजायचे याची व्याख्या कडेला थोडी जरी सैल असली तरी सारा आकडा एका बाजूला झुकतो. इंटरनेट आले तेव्हा व्यवसायजगताला या दोन्ही गोष्टींचा काही काळ विसर पडला.

(१५)
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. संकेतस्थळ ज्या यंत्रावर असते ते यंत्र प्रत्येक मागणीची नोंद आपोआप ठेवते: कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली गेली. ही नोंद मुळात बिघाड शोधण्यासाठी होती. पण व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की ही एक नवी खातेवही आहे, आणि हिच्यात भाव विचारून परत गेलेले गिऱ्हाईकही लिहिले जाते. इतिहासात प्रथमच, विक्री न झालेल्या भेटीचीही नोंद आयती मिळू लागली.

(१६)
पहिली चूकही लगेच झाली. कंपन्या आपल्या संकेतस्थळाला किती ‘हिट’ मिळाल्या ते अभिमानाने सांगू लागल्या. पण हिट म्हणजे माणूस नव्हे, फाइलची एक मागणी. एका पानावर दहा चित्रे असतील तर एकाच माणसाच्या एका भेटीत अकरा हिट नोंदल्या जात. चित्रे वाढवली की हिट वाढत. वाचक तेवढेच राहत.

(१७)
मग मोजणी सुधारली. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ‘कुकी’ची कल्पना प्रत्यक्षात आणली. पाहणाऱ्याच्या संगणकात ठेवलेल्या छोट्या खुणेमुळे तोच संगणक पुन्हा आला हे ओळखता येऊ लागले. २००५ मध्ये गूगलने ‘अर्चिन’ ही विश्लेषण कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘गूगल ॲनालिटिक्स’ विनामूल्य खुले केले. मागणी इतकी आली की काही दिवसांत नवी नोंदणी तात्पुरती थांबवावी लागली. मोठ्या कंपन्या ज्यासाठी भरपूर पैसे मोजत, ते साधन लहान दुकानदारालाही मिळाले.

(१८)
याचा लाभ खरा होता. केळवे किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणाऱ्याचे उदाहरण घेता येईल. लोक कोणत्या शहरातून त्याचे पान पाहतात, कोणत्या शब्दांनी शोधत येतात, दर पाहून जातात की छायाचित्रे पाहून, आरक्षणाच्या नेमक्या कोणत्या पायरीवर थांबतात, हे त्याला घरबसल्या कळू लागले. दर उतरवावा की मोबाइलवर न उघडणारा अर्ज दुरुस्त करावा, या निर्णयाला आधार मिळाला.

(१९)
सर्वांत मोलाची पद्धत मात्र शेतीतूनच आली. इंग्लंडमधील रोदमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेताचे तुकडे चिठ्ठी टाकून दोन खतांना वाटून देण्याची रीत घातली. अशा वाटणीमुळे फरक पडला तो खतानेच, असे म्हणता येते. २००० मध्ये गूगलने हीच रीत शोधाच्या पानावर वापरली. काही वापरकर्त्यांना एका पानावर १० निकाल, काहींना त्याहून अधिक. याला ‘ए-बी चाचणी’ म्हणतात.

(२०)
अशाच एका चाचणीचा किस्सा प्रसिद्ध आहे. वापरकर्त्यांना विचारले तेव्हा त्यांनी अधिक निकाल हवेत असे सांगितले. प्रत्यक्षात ३० निकाल दाखवताच शोधांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली. कारण शोधता ध्यानात आले की पान उघडायला अर्धा सेकंद अधिक लागत होता. लोक काय सांगतात आणि काय करतात यांतील अंतर यदृच्छेने केलेल्या वाटणीमुळे दिसले. केवळ भेटी मोजून ते दिसले नसते.

(२१)
समाजमाध्यमांनी पुन्हा उलटा प्रवास घडवला. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले आणि पसंतीला एक दृश्य आकडा मिळाला. तो सर्वांना दिसत होता, म्हणून तोच उद्दिष्ट बनला. एखादे माप उद्दिष्ट झाले की त्याचे मापपण संपते, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. भारतातील दूरचित्रवाणीने तो धडा आधीच घेतला होता: २००१ मध्ये मुंबईतील ज्या घरांत प्रेक्षकमापन यंत्रे बसवली होती त्यांची गोपनीय यादी फुटली. मूठभर घरांवर कोट्यवधींची जाहिरात ठरत असेल, तर ती घरे शोधून काढण्याचा मोह कोणाला तरी होणारच.

(२२)
२०१६ मध्ये शेताच्या कडेवरचे ते रोप पुन्हा अवतरले. लोक सरासरी किती वेळ चित्रफीत पाहतात, याचा फेसबुकने दिलेला आकडा सुमारे दोन वर्षे फुगलेला होता, अशी कबुली कंपनीने दिली. फुगवटा ६० ते ८० टक्के असल्याचे सांगितले गेले. चूक भागाकारात होती. एकूण पाहिलेला वेळ भागायचा होता तो सर्व पाहणाऱ्यांच्या संख्येने. पण भाजक म्हणून धरले गेले फक्त ३ सेकंदांहून अधिक पाहणारे. दोन सेकंदांत बोट सरकवून पुढे गेलेले लोक हिशेबातून गळाले होते.

(२३)
या एका आकड्यामुळे काय झाले? वाचकांना आता मजकूर नको, चित्रफिती हव्यात, अशी समजूत बळावली. त्या सुमारास अनेक अमेरिकी वृत्तसंस्थांनी लेखक-संपादकांना कमी करून चित्रफितींवर पैसा लावला. त्या निर्णयांमागे आणखीही कारणे होती, पण फुगलेल्या आकड्याने त्यांना बळ दिले अशी टीका झाली. जाहिरातदारांनी दावा दाखल केला आणि २०१९ मध्ये फेसबुकने ४ कोटी डॉलर देऊन तो मिटवण्याचे मान्य केले. नोकऱ्या गमावलेल्यांना त्या तडजोडीतून काही मिळण्याचा प्रश्न नव्हता.

(२४)
मोजल्या जाणाऱ्या माणसाचाही आवाज याच दशकात उमटला. आपल्याला विचारल्याविना आपली नोंद का ठेवली जाते? २४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवरील ॲपना मागोवा घेण्यापूर्वी परवानगी विचारणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. नोंद ठेवायची तर संमती हवी, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत आले.

(२५)
त्याचा एक परिणाम संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘नको’ म्हणणारे लोक आकड्यांतून नाहीसे होतात, आणि ‘नको’ म्हणणारे हे ‘हो’ म्हणणाऱ्यांसारखेच असतात असे धरता येत नाही. १९३६ ची मतपत्रिका न पाठवणारा अमेरिकी मतदार येथे पुन्हा भेटतो. १ जुलै २०२३ पासून गूगलने ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती बंद केली. नव्या आवृत्तीत संमती न देणाऱ्यांचे वर्तन, देणाऱ्यांच्या वर्तनावरून अंदाजाने भरून काढण्याची सोय आहे. प्रत्येक भेट मोजण्याचा अभिमान बाळगणारे साधन अशा रीतीने पुन्हा अंदाजाकडे वळले.

(२६)
अंदाज करणे गैर नाही. सुखात्मे आणि पानसे यांनी तेच केले. फरक एवढाच की त्यांचा नमुना यदृच्छेने निवडलेला होता आणि संभाव्य चूक किती, ते आकड्यासोबत सांगता येत होते. व्यवसायाच्या पडद्यावर दिसणारा आकडा अशी कबुली क्वचितच सोबत आणतो. तो निश्चित दिसतो, म्हणून निश्चित वाटतो.

(२७)
आता पुन्हा किनाऱ्याकडे. समजा, घिवलीतील महिलांचा एखादा बचतगट सुके बोंबील आणि जवळा व्हॉट्सॲपवर विकतो. २०१८ मध्ये आलेल्या व्यवसायासाठीच्या व्हॉट्सॲपमध्ये किती संदेश पाठवले, किती पोहोचले, किती वाचले गेले, हे आकडे दिसतात. ‘वाचले’ हा आकडा मोठा आला म्हणून गट माल वाढवील. पण बोईसरच्या बाजारात टोपलीतून दरवर्षी अर्धा किलो नेणारी म्हातारी त्या आकड्यांत नाही. फोन करून मागवणारा मुंबईचा नातेवाईक नाही. आणि भाव पाहून गप्प बसलेल्याने खरेदी का केली नाही, हेही त्यात नाही.

(२८)
अशा गटाला फिशर यांची चिठ्ठी उपयोगी पडते, आणि तिला खर्च नाही. पुढील चाळीस दिवसांतील वीस दिवस चिठ्ठ्या टाकून निवडायचे. त्या दिवशी संदेश पाठवायचा, उरलेल्या वीस दिवशी नाही. दोन्ही प्रकारच्या दिवसांची विक्री वहीत लिहायची: व्हॉट्सॲपवरची, फोनवरची आणि बाजारातलीही. संदेशाच्या दुसऱ्या दिवशीही मागणी येते असे दिसले, तर दिवसांऐवजी आठवडे निवडायचे. संदेशाने खरोखर विक्री वाढते की नेहमीचे गिऱ्हाईकच नव्या वाटेने येते, हे तेव्हा कळेल. निळ्या खुणा मोजून ते कळत नाही.

(२९)
काय मोजावे, हे मुरब्यासमोरच्या सातपाटीने दाखवले आहे. तेथील मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनाच्या प्रतींनुसार घेतात. त्यामुळे मासळी किती आली यासोबतच ती केवढी आली, हेही वहीत राहिले. मोठा पापलेट कमी होत असल्याचे आणि लहान पिल्ले पकडली जात असल्याचे गाऱ्हाणे तेथील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे मांडले. २०२३ मध्ये रुपेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. केवळ एकूण टन लिहिले असते, तर लहान माशांनी भरलेली नौकाही चांगल्या हंगामाची खूण वाटली असती.

(३०)
१ कोटी ३३ लाखांची बातमी खोटी नव्हती. ती एका नौकेची होती. ज्याला तिच्यावरून धोरण ठरवायचे असेल, त्याने त्या महिन्यात किनाऱ्याला लागलेल्या बाकीच्या नौकांविषयी विचारले पाहिजे. दुपारी बारापासून सहापर्यंत बंदरावर उभ्या असलेल्या त्या नोंद घेणाऱ्याच्या कागदावर घोळ मिळालेल्या नौकेला एक ओळ मिळते, आणि घोळ न मिळालेल्या नौकेलाही एकच ओळ.

(समाप्त)